कार्डावरचा उजेड

मालनबाई: सही मी करणार नाही, मॅडम. तुमी तो कागद आपल्याकडं तोंड करून ठेवला तरी त्याच्यावर काय लिहिलं आहे ते मी वाचलं.

हर्षा: सही घ्यायला नाही आली मी, मावशी. नागपूरच्या ऑफिसनं कागद दिला. तुमच्यापासून लपवायचा नव्हता, म्हणून समोर ठेवला.

मालनबाई: "आशा कार्यकर्तीने रंगाचे कार्ड योग्य ठिकाणी ठेवले नाही, त्यामुळे बाळाची कावीळ ॲपमध्ये दिसली नाही." असंच आहे ना? चौदा वर्षं झाली मले या एकोडीत आशा होऊन. घरोघरी जाऊन दीडशेच्या वर लेकरं पाह्यली. अन् आता एका ओळीत सगळं माझ्या माथी.

हर्षा: मला मॅडम नका म्हणू. मी हर्षा. तुमसरची आहे. आणि ते ॲप आम्ही चौघांनी बनवलं, पण त्यातला रंग ओळखायचा भाग माझा आहे. म्हणून आली.

मालनबाई: तुमी बनवलं?

हर्षा: हो. दोन वर्षं तेच करत होती.

मालनबाई: मंग बसा. उपकेंद्राच्या ओट्यावर आता चारपर्यंत सावली राहते. तुमाले सांगतो म्हणजे निदान ज्याले सांगावं त्याले सांगितलं असं होईन. आतापर्यंत जो आला तो फॉर्म घेऊन आला.

हर्षा: ज्या बाळाचं या कागदात आहे, त्याच्या आईच्या, रिताच्या घरी तुम्ही गेल्या तेव्हापासून सांगा.

मालनबाई: नाही. त्याच्या आधीपासून सांगावं लागते, नाहीतर तुमाले वाटन का मी डोळे मिटून फोनच्या मागं गेली. जानेवारीत देवकाबाईच्या नातीचं झालं. आमच्या गावच्या देवकाबाई, त्यांच्या सुनेले पोरगी झाली. तिसऱ्या दिवशी मी पाहाले गेली तं पोरगी मले पिवळी दिसली. तुमच्या ॲपमध्ये हिरवी टिक आली, म्हणजे बाळ बरं आहे. पण माझं मन नाही मानलं. मी चिठ्ठी दिली, म्हटलं भंडाऱ्याले घेऊन जा. ते जीप करून गेले. तिथं रक्त तपासलं तं काहीच नाही. पोरगी चांगली.

हर्षा: तो फोटो आमच्याकडे आहे. त्या खोलीच्या भिंती...

मालनबाई: नव्या पिवळ्या डिस्टेंपरच्या होत्या, बरोबर. दिवाळीत रंगवल्या होत्या. खिडकीतून ऊन त्या भिंतीवर पडे अन् भिंतीवरून पोरीच्या तोंडावर. ते मले मंग समजलं, घरी येऊन. तिथं नाही समजलं. म्हणजे तेव्हा चूक माझी होती अन् फोन खरा होता. मी नाकारत नाही. पण तालुक्याच्या बैठकीत सतरा जणींसमोर मले उभी करून विचारलं का ॲप हिरवं दाखवत असताना तू आपलं डोकं काहून लावलं. लोकांचा भरोसा उठते म्हणे. यापुढं ॲप सांगते तेच रजिस्टरमध्ये लिहायचं, असं बजावलं. मी हो म्हटलं. काय म्हणणार होती?

हर्षा: हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मालनबाई: तुमाले फोटो पाठवतात, बैठक नाही पाठवत.

हर्षा: आणि मग रिताचं.

मालनबाई: रिताचं एप्रिलमध्ये. साकोलीले बाळंत झाली, पोरगा झाला, दोन दिवसांनी घरी आणली. त्याच्या आधीच्या हप्त्यात वादळ आलं होतं, तिच्या खोलीच्या छपरावरचे अर्धे कवेलू उडाले होते. कवेलू मिळे तोवर म्हणून घरच्यांनी वरतून निळी ताडपत्री बांधली. तिसरा दिवस, दुपारचे चार वाजले असतील. मी आत गेली तं सारी खोली निळी. चादर निळी, पाळणा निळा, रिताचे दात निळे. पोरगं आत गेल्या गेल्या मले हिरवट-काळसर दिसलं. मी खाली बसली, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून पाह्यलं, पाय पाह्यले. अन् पाच-सात मिनिटांनी ते पोरगं साधंच दिसाले लागलं. जसं सगळ्यांचं असते तसं. आता तुमी शिकलेल्या आहा, हे काय होते ते तुमीच सांगा.

हर्षा: डोळा त्या उजेडाला सरावतो. सावलीतला उजेड निळसर असला तरी पांढरं लुगडं आपल्याला पांढरंच दिसतं, कारण डोकं उजेडाचा रंग वजा करून टाकतं. आपल्याला कळतही नाही. फोनला हे जमत नाही. त्याला फक्त आकडे मिळतात. समोर निळसर दिसलं तर वस्तू निळी आहे की उजेड निळा आहे, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. म्हणून ते कार्ड. कार्डावरचा पांढरा, करडा, पिवळा हे आम्हाला आधीच माहीत असतात. ते फोटोत कसे दिसले त्यावरून फोन ओळखतो की उजेड कसा आहे, आणि मग बाळाच्या चेहऱ्यातून तेवढा वजा करतो.

मालनबाई: ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलं. छातीवर कार्ड ठेवा, तोंड अन् कार्ड दोन्ही चौकटीत आले का बटन दाबा. मी तसंच केलं. देवाशप्पथ सांगतो, छातीवरच ठेवलं. कार्ड मळू नाही म्हणून मी त्याले प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो, तिथं काढलं, पुसलं, ठेवलं.

हर्षा: मला माहीत आहे. मी फोटो पाहिला आहे.

मालनबाई: मंग?

हर्षा: बाळाची खाट दाराजवळ होती का?

मालनबाई: हो. आत गरम होते म्हणून दाराशी घेतली होती.

हर्षा: दारातून बाहेरचं ऊन आत येत होतं. ते बाळाच्या पोटाछातीपर्यंतच पोचलं. कार्डावर ऊन, तोंडावर ताडपत्रीचा निळा उजेड. दोघांत एक वीतभर अंतर. फोननं कार्ड पाहून ठरवलं की उजेड पांढरा आहे, काही वजा करायचं नाही. आणि तोंडावरचं पिवळं निळ्यानं झाकून टाकलं होतं. म्हणून हिरवी टिक.

मालनबाई: म्हणजे कार्ड बरोबर होतं.

हर्षा: कार्ड बरोबर होतं. तुम्ही बरोबर होत्या. आमच्या गणितात धरलेलं होतं की फोटोत उजेड एकच असतो. कारण आम्ही सगळे फोटो दवाखान्याच्या वॉर्डात काढले. वर ट्यूबलाईट, चारही बाजूंनी पांढऱ्या भिंती. तिथं खरंच एकच असतो.

मालनबाई: एका घरात एकच उजेड कुठं असते, बाई? चुलीचा एक, दाराचा एक, फुटक्या कवेलूचा एक. हे विचाराले कोणाजवळ यावं लागत होतं का? कोण्याही घरी एक दुपार बसल्या असत्या तं दिसलं असतं.

हर्षा: हो.

मालनबाई: मी त्या दिवशी हिरवी टिक पाह्यली, रजिस्टरमध्ये "बाळ बरं" लिहिलं. रितानं मले विचारलं बी, मावशी, हा दूध कमी पेते, झोपूनच राहते, बरं आहे ना? मी तिले फोन दाखवला. म्हटलं पाह, हिरवं आहे. मनात होतं का एकदा आंगणात नेऊन पाहावं. तिची सासू रुखमाबाई म्हणे पाचवी झाल्याशिवाय लेकराले उंबऱ्याबाहेर काढत नाही. अन् मी जोर नाही केला. जानेवारीत जोर करून पाह्यला होता ना मी.

हर्षा: मग पाचव्या दिवशी गेल्या?

मालनबाई: माझी पाळी नव्हती. पुढची भेट सातव्या दिवशी. पण दोन दिवस मले भाकर गोड नाही लागली. म्हणून पाचव्या दिवशी गेलीच. पूजा झाली होती, मी सरळ पोराले उचललं अन् आंगणात नेलं. मंग मले कार्ड नाही लागलं अन् फोन नाही लागला. हळदीत बुडवून काढावं तसं पोरगं, तळपायापर्यंत. उचललं तं मान टाकून देये. मी गाडीले फोन केला अन् भंडाऱ्याले नेलं. रिपोर्टमध्ये कावीळ बावीस आली. डॉक्टर म्हणे अजून थोडं वाढलं असतं तं सारं रक्त बदलावं लागलं असतं. दोन दिवस आधी आणलं असतं तं दहा-बाराचा आकडा राहिला असता.

हर्षा: आता कसा आहे?

मालनबाई: दूध पेते, वजन वाढून राहिलं. पण अशी कावीळ डोक्यात चढते अन् कान जातात, असं सांगितलं त्यायनं. घरी सोडताना कान तपासले. डावा बरा आला, उजव्याचं मशीननं पक्कं सांगितलं नाही. पुन्हा बोलावलं आहे. अन् रिता माझ्याशी बोलत नाही. मी चौदाव्या दिवशी गेली तं तिनं दार लोटून घेतलं. एकविसाव्या दिवशी बी तसंच. दवाखान्यात एकच वाक्य बोलली होती. "मावशी, तुमीच म्हटलं होतं ना, पाह हिरवं आहे म्हणून." त्याच्यानंतर काहीच नाही.

हर्षा: मी त्यांना भेटू का?

मालनबाई: कायले? माफी मागाले? तुमच्या माफीनं तुमचं मन हलकं होईन, तिचं काय होईन?

हर्षा: माहीत नाही. पण तिला हे तरी कळायला पाहिजे की चूक तुमची नव्हती. या कागदावर जे लिहिलं ते खोटं आहे, हे मी तिच्यासमोर म्हणायला तयार आहे.

मालनबाई: सकाळी नऊला या. मी नेतो. पण तिनं काही म्हटलं तं मान खाली घालून ऐकायचं, समजवत बसायचं नाही. गणित तं अजिबात नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, रिताच्या आंगणात. बाळ रिताच्या मांडीवर.)

रिता: गोळ्या आणल्या असन तं ओट्यावर ठेवा, मावशी. सासूबाई शेतावर गेल्या.

मालनबाई: गोळ्या नाही आणल्या, रिता. ह्या हर्षाबाई. नागपूरवरून आल्या. फोनमधलं ते ॲप यायनं बनवलं.

रिता: बरं.

हर्षा: रिता, मी जास्त वेळ नाही घेत. मालनमावशींनी त्या दिवशी सगळं बरोबर केलं होतं. चूक ॲपची होती. वरच्या ताडपत्रीचा निळा उजेड बाळाच्या तोंडावर होता आणि कार्डावर दाराचा. ॲपला तो फरक कळला नाही. काल संध्याकाळी मी ऑफिसला पत्र पाठवलं की त्यांच्यावर ठपका ठेवू नका.

रिता: ज्याच्या घरी स्लॅब आहे, त्याच्या पोराचं फोन बरोबर सांगते का?

हर्षा: बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

रिता: म्हणजे आमचे कवेलू उडाले म्हणून.

हर्षा: हो. तसंच आहे ते.

रिता: तुमी फोटो पाह्यला का माझ्या पोराचा?

हर्षा: पाहिला. खूपदा.

रिता: तुमाले दिसला का तो पिवळा? तुमच्या डोळ्यांनं?

हर्षा: मोठा करून, कार्ड झाकून पाहिलं तेव्हा कानामागं थोडं दिसलं. पण तेव्हा मला रिपोर्ट माहीत होता. आधी दिसलं असतं का, ते मी छातीठोक नाही सांगू शकत.

मालनबाई: रिता, मले बी आत नाही दिसलं. मी आधीच सांगाले पाहिजे होतं तुले का मले पक्कं समजून नाही राहिलं. ते मी नाही सांगितलं.

रिता: हो. नाही सांगितलं.

हर्षा: त्यांना बैठकीत...

मालनबाई: राहू द्या हर्षाबाई.

रिता: चार दिवस होतो आमी तिथं. पोराले एका पेटीत ठेवलं, कावीळ उतरावी म्हणून वरतून निळा लाईट, डोळ्यांवर पट्टी. मी काचेतून पाहे तं मले माझं पोरगं ओळखू नाही ये. घरी ताडपत्री निळी, तिथं बी निळा लाईट. मी सिस्टरले विचारलं, आता कमी झाली का कावीळ? ती काय करे, दर वेळी तो लाईट बंद करे, पोराले खिडकीपाशी आणे, अन् मंग पाहे. मी विचारलं असं काहून. म्हणे या उजेडात मलेच काही समजत नाही, मी कशी सांगू. एवढी शिकलेली बाई. तिले नाही समजलं तं ती म्हणते नाही समजत. तुमचा फोन काहून नाही म्हणत?

मालनबाई: काय झालं, हर्षाबाई?

हर्षा: म्हणत होता.

रिता: काय?

हर्षा: आधी म्हणत होता. पहिल्यांदा बनवलं तेव्हा तीन उत्तरं होती. हिरवं, लाल आणि करडं. करडं म्हणजे या उजेडात सांगता येत नाही, बाळाला बाहेर न्या. ते मीच लिहिलं होतं. चेहऱ्यावरचा आणि कार्डाजवळचा उजेड वेगळा दिसला की करडं यायचं.

मालनबाई: आमाले तं दोनच शिकवले.

हर्षा: पैसे देणाऱ्या लोकांसमोर दाखवायचं होतं. दहा फोटो काढले तर चार वेळा करडं आलं. आमचे साहेब म्हणाले, असं दिसलं तर यंत्राला काही येतच नाही असं वाटेल, काढून टाका. मी म्हटलं, निदान बारीक अक्षरात ठेवू. ते नाही म्हणाले. मग मी काढलं. एका दुपारचं काम होतं. मीच बसून काढलं.

रिता: हे तुमच्या पत्रात लिहिलं का?

हर्षा: नाही.

रिता: काय लिहिलं मंग?

हर्षा: ताडपत्रीचं लिहिलं. दोन उजेडांचं लिहिलं. मावशींचा दोष नाही ते लिहिलं.

रिता: म्हणजे चूक माझ्या ताडपत्रीची.

हर्षा: मी तसं...

रिता: आधी मावशींची होती, आता ताडपत्रीची झाली. तुमची कोण्या कागदात आहे?

मालनबाई: रिता, हळू. पोरगं जागं होईन.

रिता: होऊ द्या. झालं तं बरंच आहे. रोज भांडं वाजवून पाहतो मी, दचकते का म्हणून. कधी दचकते, कधी नाही.

हर्षा: तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी लिहिते.

रिता: इथं बसून लिहा.

हर्षा: आत्ता?

रिता: नागपूरले गेल्यावर तुमचे साहेब भेटतील.

मालनबाई: लिहा बाई. ही खाट घ्या. सतरा आशांजवळ आहे तो फोन, एकट्या आमच्या तालुक्यात. मी काल आमच्या ग्रुपवर टाकलं का हिरवं आलं तरी लेकराले आंगणात नेऊन पाहा, पाचवी असो का नसो. दोघींनी विचारलं, ऑर्डर आली का म्हणून. मी म्हटलं ऑर्डर माझी आहे. पण बाकीच्या तालुक्यांत मले कोण ओळखते?

हर्षा: पुढच्या महिन्याच्या मीटिंगपर्यंत ॲप चालूच ठेवणार आहेत. सकाळीच फोन आला होता. मी बंद करू शकत नाही, माझ्या हातात ते नाही. करडं परत टाकायला दोन दिवस लागतील, पण टाकू देतील की नाही माहीत नाही.

रिता: लिहा तं खरं.

हर्षा: लिहिते आहे... "तिसरे उत्तर मी स्वतः लिहिले होते आणि साहेबांच्या सांगण्यावरून मी स्वतः काढले. ते असते तर त्या दिवशी हे बाळ अंगणात नेले गेले असते." एवढं पुरे?

रिता: बाळाचं नाव नाही टाकलं.

हर्षा: काय नाव ठेवलं?

रिता: अजून नाही ठेवलं. कानाचं झाल्यावर ठेवू म्हटलं. रिताचं पोरगं लिहा, एकोडी.

हर्षा: लिहिलं. पाठवलं.

मालनबाई: नोकरी राहीन का तुमची?

हर्षा: काय माहीत, मावशी. आज तरी मले त्याचं काही वाटून नाही राहिलं. उद्या वाटेल.

मालनबाई: चला मंग. तुमची साकोलीची गाडी पावणेदहाची आहे. रिता, येतो वं.

रिता: मावशी.

मालनबाई: हो.

रिता: गुरुवारी बोलावलं आहे भंडाऱ्याले, कानासाठी. पोराच्या बाबाले, धनंजयले, सुट्टी नाही भेटत, अन् सासूबाईले तिथल्या खिडक्या समजत नाही. कुठं चिठ्ठी फाडायची, कुठं नंबर लावायचा.

मालनबाई: मी येतो.

रिता: माझा राग गेला नाही.

मालनबाई: माहीत आहे मले.

रिता: रस्त्यानं मी बोलणार नाही.

मालनबाई: नको बोलू. गाडीत चढताना तेवढं पोराले माझ्याजवळ दे, म्हणजे तुले दांडी धरता येईन.